तारीख संपायच्या आत

२०१८ च्या शरद ऋतूत माझ्या उजव्या बरगडीवर नागीण उठली. फोड महिन्याभरात सुकले, खपल्या पडल्या, कातडी जवळपास पहिल्यासारखी दिसू लागली. वेदना मात्र तिथेच राहिली. ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी निखारा लागल्यासारखं व्हायचं. आमच्या मिरजेकडे नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं म्हणत. माझी तर अर्ध्या कमरेपर्यंतही पोहोचली नव्हती, तरी वर्षभर तिने मला झोपू दिलं नाही. एका गोळीने पाय सुजले, दुसरीने तोंडाला कोरड पडली आणि उभं राहिलं की भोवळ यायची. अखेर २०१९ मध्ये कॅनडातल्या आमच्या मिसिसागाच्या फॅमिली डॉक्टरांनी कॅनबिसच्या तेलाचा कागद करून दिला. तेव्हापासून दर वर्षी तो कागद रिन्यू करते आहे. त्यातून जे कळत गेलं, ते लिहून ठेवते.

१. मी ज्याला प्रिस्क्रिप्शन म्हणते, ते प्रिस्क्रिप्शन नाही. कॅनडात त्याला मेडिकल डॉक्युमेंट म्हणतात आणि ते घेऊन औषधाच्या दुकानात जायचं नसतं. त्यावर माझं नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचा परवाना क्रमांक, रोज किती ग्रॅम आणि किती काळासाठी, एवढंच असतं. तो काळ एक वर्षाहून जास्त लिहिता येत नाही. मी घेते तेल, पण कागदावर लिहायचे ते वाळलेल्या गांजाचे ग्रॅम. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता. कागद परवानाधारक विक्रेत्याकडे जातो, तिथे माझी नोंदणी होते आणि बाटली टपालाने घरी येते. किती थेंब घ्यायचे, कधी घ्यायचे, हे त्या कागदावर कुठेही नसतं. ते डॉक्टर तोंडी सांगतात आणि आपण नीट ऐकायचं असतं. मी पहिल्या वेळी नीट ऐकलं नव्हतं, कारण सगळं लक्ष त्या ‘ग्रॅम’ शब्दावर खिळलेलं होतं.

२. बाटलीत तेल आहे म्हणजे आपल्याकडे वेळ आहे, असं नसतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी याच भ्रमात होते. बाटली निम्मी भरलेली, तारखेला अजून दहा दिवस. फोन केला तर डॉक्टरांची पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनी होती. भेट झाली, कागद फॅक्स झाला, विक्रेत्याने दवाखान्यात फोन करून खातरजमा केली, मग पार्सल निघालं. प्रत्येकाने आपापलं काम रीतसर केलं. उशीर सुरू झाला होता तो माझ्या फोनपासून.

मधल्या सतरा रात्री मी तेलाविना काढल्या. तिसऱ्या रात्री वेदना परत आली. जुन्या सुती साडीचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा बरगडीवर धरून मी दिवाणखान्यात बसून राहायचे. हे उठून विचारायचे, “काही करू का?” आणि करण्यासारखं काहीच नसायचं. त्या रात्रींत मला एक गोष्ट समजली. औषध रोज मिळत असतं तेव्हा आपण ते आपल्या अंगाचाच भाग धरून चालतो. खरं तर ते आपल्यापर्यंत पाच-सहा माणसांच्या हातून येत असतं आणि त्यातला एक हात आपला असतो.

आता कागद हातात आला की त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारीख संपण्याच्या आठ आठवडे आधी लाल गोल करते. नवं वर्ष मध्ये आलं तर जुन्या कालनिर्णयवरचा गोल नव्यावर उतरवून घेणं हे जानेवारीतलं माझं पहिलं काम असतं.

३. डॉक्टरांसमोर खोटं बोलायला मला कधी शिकवावं लागलं नाही. “कशा आहात?” या प्रश्नाला “बरं आहे” हे उत्तर आपल्या रक्तातच असतं. दुसऱ्या रिन्यूच्या वेळी मी तेच म्हणाले, वर “खूप फरक आहे” असंही जोडलं. मनात भीती होती. अजून दुखतं म्हटलं तर डॉक्टरबाई म्हणतील, मग तेलाचा उपयोग नाही, बंद करू. आणि दुखत नाही म्हटलं तर म्हणतील, मग आता गरज नाही, बंद करू. दोन्ही बाजूंनी कागद जाणार, म्हणून मधलं गोडगोड बोलायचं.

त्यांनी विचारलं, “गेल्या आठवड्यात किती रात्री दुखण्याने जाग आली?”

मला सांगता आलं नाही. खरंच आठवत नव्हतं. वर्षभर ज्या दुखण्याभोवती माझं सगळं आयुष्य फिरत होतं, त्याचा साधा हिशेब माझ्याकडे नव्हता. घरी दुधाचा, पेपरचा, भिशीचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या आईची मी मुलगी, आणि माझ्याच अंगाची वही कोरी. फार वाईट वाटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मला चांगली बातमी नकोय, माहिती हवी आहे.”

त्या दिवसापासून एक लहान वही उशाशी असते. तेल किती वाजता, किती. रात्री जाग किती वेळा. सकाळी डोकं जड होतं का. दिवसभरातलं एखादं काम जमलं किंवा राहिलं. ‘आज पोळ्या उभ्याने केल्या’, ‘आज ब्रा घालता आली नाही’, अशी वाक्यं. भेटीच्या आदल्या दिवशी मी ती वही वाचते. आणि दर वर्षी मला धक्का बसतो, कारण मनात धरलेलं वर्ष आणि वहीतलं वर्ष वेगळं निघतं. २०२२ चं वर्ष मला अतिशय वाईट गेलं असं वाटत होतं, तर वहीत पहिले चार महिनेच वाईट होते. उरलेले आठ महिने मी त्या चार महिन्यांच्या धाकात काढले होते.

४. तेल हे औषध आहे हे मला पटायला रक्तस्रावाची भीती वाटावी लागली. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन माझ्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुढे ती बदलली, म्हणून मी कायमची वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर, आहे. ज्यांच्या घरात वॉरफरिन आहे त्यांना ठाऊक असेल, महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताचा आयएनआर हा आकडा तपासावा लागतो. रक्त फार घट्ट नको, फार पातळही नको. तेल सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं की आयएनआर बघणाऱ्या क्लिनिकला हे आधी सांगा. मी सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीत आकडा ४.६ आला. माझा साडेतीनच्या वर जायला नको. नर्सने फोनवर विचारलं, “काही नवीन औषध?” मी म्हणाले, “नाही, मेथी-पालक कमी खाल्ली असेल.” पालेभाजी कमी झाली तरी आकडा वर जातो, त्यामुळे माझं म्हणणं तिला पटण्यासारखं होतं. दोन दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा मी स्वतःहून फोन करून खरं सांगितलं. कॅनबिसमधली सीबीडी आणि टीएचसी ही दोन्ही द्रव्यं यकृतात वॉरफरिनच्या वाटेत येऊ शकतात. माझ्या आकड्यात तेलाचा वाटा किती, हे कोणी छातीठोक सांगू शकलं नाही. पण वॉरफरिनची मात्रा कमी केली आणि आकडा जागेवर आला.

यात एक गोम आहे, ती मला नंतर कळली. आमच्या औषधाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझ्या सगळ्या गोळ्या दिसतात आणि दोन औषधं एकमेकांशी भांडणारी असली तर फार्मासिस्ट मला थांबवतो. माझं तेल त्या दुकानातून येत नाही, टपालाने येतं. म्हणजे त्याच्या पडद्यावर ते नाहीच. तो भला माणूस मला सावध करणार कसा? आता मी त्याला सांगून ते नोंदवून घेतलं आहे. दाताच्या डॉक्टरांना सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, बस. मी मनात जो प्रसंग रंगवून घाबरले होते तो कधीच घडला नाही.

५. गांजा हा शब्द उच्चारायला मला दोन वर्षं लागली. ताईला फोनवर सांगायचे, “एक तेल घेते, वनस्पतीचं.” ती समजायची निलगिरीसारखं काहीतरी. आमच्या लहानपणी गांजा म्हणजे देवळामागे चिलीम ओढणारे बैरागी आणि गल्लीतला एक वाया गेलेला मुलगा. महाशिवरात्रीची भांग चालायची, तिला कोणी नावं ठेवत नसे. तीच वनस्पती, पण शब्द बदलला की माणसाची इभ्रत बदलते. आपल्याच आयुर्वेदात तिचं विजया असं सुंदर नाव आहे, हे मला मिसिसागात राहून साठीनंतर कळलं.

कॅनडात ती औषध म्हणून मिळू लागली त्यामागे एका आजारी माणसाची लढाई आहे. टेरेन्स पार्कर यांना अपस्माराचे झटके यायचे आणि कॅनबिसने ते आटोक्यात राहायचे. त्यांच्यावर खटला झाला. २००० मध्ये ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने निकाल दिला की आजारी माणसासाठी वाट न ठेवता सरसकट बंदी घालणं त्याच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे. त्यानंतर २००१ मध्ये सरकारने औषधासाठीचे नियम केले. सगळ्या प्रौढांसाठी विक्री खुली झाली ती फार नंतर, १७ ऑक्टोबर २०१८ ला. हे वाचल्यावर माझी लाज बरीच उतरली. मी ताईला खरं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अगं, मग झोप लागते ना?”

६. आता दुकानात उघड मिळतं, मग डॉक्टरांची कटकट कशाला, असं मला चार जणांनी विचारलं आहे. पैशाचा भाग थोडा आहे. सरकारी आरोग्य विम्यात तेल बसत नाही, पण नोंदणीकृत विक्रेत्याकडून कागदावर घेतलं तर त्याचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वैद्यकीय खर्चात धरता येतो, म्हणून पावत्या जपून ठेवते. पण मला कागद हवा आहे तो वेगळ्या कारणासाठी. दुकानदार मला आयएनआर विचारणार नाही. वर्षातून एकदा कोणीतरी माझ्यासमोर बसून, पुढ्यात माझी सगळी फाइल उघडून, हे तुम्हाला अजून मानवतंय का असं विचारतं. ही माझ्या वयात लहान गोष्ट नाही.

७. डॉक्टरांना ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे, हे मी मनाने फार उशिरा मान्य केलं. २०२३ मध्ये आमच्या जुन्या डॉक्टर निवृत्त झाल्या. नव्या डॉक्टर तरुण, बोलायला शांत. कागद रिन्यू करायला गेले तेव्हा म्हणाल्या, “मला आधी तुमचा इतिहास समजून घेऊ दे, आज सही करणार नाही.” मला इतका संताप आला की पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. चार वर्षं इमाने इतबारे सगळं पाळलं आणि ही पोर माझ्यावर संशय घेते, असं वाटलं.

संशय नव्हता. कॅनडातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी २०१८ मध्ये एक मार्गदर्शिका निघाली आहे. तिच्यात म्हटलं आहे की कॅनबिसचा पुरावा मोजक्याच ठिकाणी थोडाफार आहे: नसांचं जुनं दुखणं, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या वेदना, केमोनंतरची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत स्नायू आखडणं. आणि तिथेही बाकीचे उपाय करून झाल्यावरच. सही करणारी व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. दुसऱ्या भेटीत मी वह्या घेऊन गेले, सगळ्याच्या सगळ्या. त्यांनी मराठीतलं एक पान माझ्याकडून वाचून घेतलं. आधीच्या गोळ्यांनी काय झालं होतं ते विचारलं, वॉरफरिनबद्दल क्लिनिकशी बोलल्या आणि मग सही केली. या वेळी मी आठ आठवडे आधी गेले होते, म्हणून त्यांना तेवढा वेळ देता आला आणि माझी एकही रात्र वाया गेली नाही.

८. कागद कॅनडाच्या वेशीपर्यंतच चालतो. मायदेशी जाताना हे फार टोचतं. कॅनडातून कॅनबिस बाहेर नेणं किंवा आत आणणं गंभीर गुन्हा आहे, मग डॉक्टरांचा कागद असो वा नुसतं सीबीडीचं तेल असो. आणि भारतात अमली पदार्थांचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, त्यापुढे माझा मिसिसागाचा कागद म्हणजे रद्दी. २०२४ च्या जानेवारीत भाच्याचं लग्न होतं, मिरजेला, सहा आठवडे राहायचं होतं. मी दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेले. जायच्या आधीचे दोन आठवडे तेल थोडं थोडं उतरवलं, रात्रीसाठी एक जुनी गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली, बरगडीवर लावायच्या बधिरतेच्या पट्ट्या बरोबर घेतल्या. कागदाची तारीख मी तिकडे असतानाच संपत होती, तेव्हा तोही निघण्याआधी रिन्यू करून घेतला.

लग्नात पैठणीची जर बरगडीला लागली आणि अक्षता पडायच्या आत मला खोलीत जाऊन बसावं लागलं. ताईने कपाटाच्या तळातून आईचं एक विटकं लुगडं काढलं, चार घड्या घालून ब्लाउजच्या आत लावून दिलं. त्यावर मी पंगतीत बसले. कोणीतरी आपुलकीने सुचवलं की वैद्यांच्या चिठ्ठीवर विजयाचं औषध इथेही मिळतं, घेऊन बघा. मिळतं, कायद्याने मिळतं. पण त्यात माझ्या ओळखीचं माप नव्हतं, आणि वॉरफरिनशी नवा खेळ करायला माझे डॉक्टर तिथे नव्हते. मी नको म्हटलं.

चुकले ते परत आल्यावर. पहिल्याच रात्री जुन्या सवयीने ड्रॉपर अर्ध्या रेघेपर्यंत भरला. सहा आठवड्यांत शरीर ते विसरून गेलं होतं. तेलाचा असर हळूहळू चढतो, पूर्ण यायला कधी चार तासही लागतात. मध्यरात्री पलंग फिरायला लागला, छाती धडधडू लागली. हे सकाळपर्यंत माझा हात धरून बसले. पाव रेघेपासून पुन्हा सुरुवात करायची, हे मला निघण्याआधी सांगितलेलं होतं. आता ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे.

९. तेल रात्री आणि गाडी सकाळी उशिरा, तेही डोकं पूर्ण हलकं वाटलं तरच. इथे गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आत रक्तात मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅम टीएचसी सापडलं तरी गुन्हा ठरू शकतो आणि औषधाचा कागद दाखवून त्यातून सुटका नाही. बाटली कुलपाच्या डब्यात, भाजणी आणि मेतकुटाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. नातू सहा वर्षांचा आहे. त्या बाटलीवरचं लाल अष्टकोनी चिन्ह त्याला मी स्वतः दाखवलं आणि सांगितलं, हे आजीचं औषध, याला हात लावायचा नाही.

१०. या वर्षीच्या भेटीत डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला ज्याला मी इतकी वर्षं भीत होते. “तुम्हाला अजून याची गरज आहे का, हे आपण तपासून बघूया?” नागिणीचं दुखणं काही जणांचं वर्षांनी ओसरतं. माझं ओसरलं असेल तर तेल मी सवयीने घेते आहे, असंही असू शकेल. त्यांनी आधी कागदावर वर्षभराची सही केली, तो माझ्यासमोर फॅक्स केला आणि मग म्हणाल्या, “आता तुमचा हक्क सुरक्षित आहे. निर्धास्तपणे कमी करून बघा.” आधी सही, मग सूचना, हा क्रम त्यांनी मुद्दाम ठेवला होता, हे माझ्या लक्षात आलं.

गेले तीन आठवडे मी अर्ध्याऐवजी पाव रेघेवर आहे. पहिल्या आठवड्यात चार रात्री जाग आली. दुसऱ्यात तीन. काल वहीत लिहिलं आहे: रात्री दोनला जाग, दुखलं, उठून पाणी प्यायले, कापड ठेवलं, पुन्हा झोप लागली. सकाळी पोळ्या उभ्याने.